पंचेचाळीस मीटरवरचा वारा

"हे सगळे नऊ कुणी लिहिलेत?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच जीभ चावली.

गेर्डाचा डबा उघडा होता. साडेअकराला तो उघडायचा म्हणजे उघडायचा. काळ्या पावाचा तुकडा, त्यावर हेरिंग माशाचं लोणचं, त्यावर कांद्याच्या तीन चकत्या. तिनं हातातला घास परत डब्यात ठेवला आणि माझ्या पडद्याकडे न बघताच म्हणाली, "या ऑफिसात नऊ लिहिणारं दुसरं कोण आहे, मारेन?"

"तसं नाही गं. खूप आहेत, म्हणून विचारलं."

"किती?"

"चारशे बारा तास."

तिनं डब्याचं झाकण लावलं. अर्धा खाल्लेला घास आत तसाच. असं करताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

किनाऱ्यापासून अठरा किलोमीटर आत समुद्रात आमचा एक लोखंडी मनोरा होता. त्याच्या अंगाला वेगवेगळ्या उंचीवर आडव्या दांड्या, आणि दांड्यांच्या टोकाला वाऱ्यानं गरगर फिरणाऱ्या तीन-तीन वाट्या. तिघींच्या त्या चक्राला आम्ही नुसतं 'वाटी' म्हणायचो. दर दहा मिनिटांनी प्रत्येक उंचीवरच्या वाऱ्याचा आकडा आमच्याकडे यायचा. तो खरा की खोटा हे कुणीतरी डोळ्यांनी बघून ठरवायला लागतं. ठीक असेल तर एक, शंका असेल तर पाच, टाकून द्यायचा असेल तर नऊ. सत्तावीस वर्षं हे काम गेर्डा ब्रो करत होती. मनोरा तिनं एकदाही पाहिला नव्हता. "बोट धक्क्याला बांधलेली असतानाच मला मळमळतं," म्हणायची. पण त्या मनोऱ्यावर रात्री अडीच वाजता बर्फ धरलं तर सकाळी आठला तिला ते आकड्यांवरून कळायचं, तापलेल्या पोराचं कपाळ आईला कळावं तसं.

मागच्या हिवाळ्याआधी मनोरा कापून बंदरात आणला. मी तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होते. वसंतात अर्ध्या वेळेवर परत आले. आल्माची बाबागाडी माझ्या खिडकीबाहेर, भिंतीच्या आडोशाला. ती झोपली की मला दीड तास मिळतो, आणि त्या दीड तासात समुद्रावरचा वारा गणितात बसवायचा असतो. खालच्या उंचीवर वारा इतका, तर वर दीडशे मीटरवर, जिथे नव्या पवनचक्क्यांची पाती फिरणार, तिथे किती? पाण्यालगत वारा घासत जातो, वर जावं तसा मोकळा होतो; आधी भराभर, मग हळूहळू. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात गेर्डानं मला ते एका वाक्यात शिकवलं होतं. "वर चढताना माणूस दमतो, वारा दमत नाही."

आता मनोऱ्याच्या जागी पाण्यावर तरंगणारं एक पिवळं यंत्र आहे. ते लेसरनं वरचा वारा वाचतं. त्यानं या मे महिन्यात चार दुपारी मला एक विचित्र रेघ काढून दिली. पंचेचाळीस-पन्नास मीटरपर्यंत वारा वाढत गेला आणि त्याच्या वर चक्क कमी झाला. चारही वेळा वारा पूर्वेचा, जमिनीकडून येणारा. आधी वाटलं यंत्र बिघडलं. मग आल्माला पाजता पाजता डोक्यात शिरलं. मेमध्ये आपली शेतं तापलेली असतात आणि समुद्र अजून हिवाळ्यातच असतो. जमिनीवरची ऊबदार हवा त्या गार पाण्यावर आली की तळाचा थर पाण्याला चिकटून बसतो, आणि मधला थर त्याच्यावरून घसरगुंडीवर बसलेल्या मुलासारखा सुसाट सुटतो. त्याच्याही वरची हवा आपली संथ चालत राहते. म्हणजे वारा दमतो. कधीकधी दमतो.

असं आधी कधी झालं होतं का, हे बघायला मी मनोऱ्याच्या जुन्या नोंदी उघडल्या. दहा ते बारा वर्षांपूर्वीचे ओळीनं तीन मे. पूर्वेचा वारा. प्रत्येक ओळीपुढे नऊ.

"पंचेचाळीसवरची वाटी," गेर्डा खिडकीकडे बघत म्हणाली. "आधी तिथे वाटी नव्हतीच. पंधरा, तीस आणि बासष्ट, एवढंच. पंचेचाळीसची नंतर बसवली, आणि पहिल्याच मेमध्ये ती बासष्टच्या पुढे धावायला लागली. मी एवाल्डला सांगितलं, वाटी बदल."

"एवाल्ड कोण?"

"एवाल्ड क्लित. मनोऱ्यावर चढणारा." तिनं डबा बाजूला सरकवला. "रोज सकाळी सव्वासातला त्याचा फोन यायचा. बंदरातून. मी त्याला मनोऱ्यावरचे आकडे वाचून दाखवायची, खालून वर. मग तो मला समुद्र सांगायचा."

"समुद्र सांगायचा म्हणजे?"

"म्हणजे समुद्र! लाटा केवढ्या, रंग कसा, बोट काढायची की नाही. चौदा वर्षं. एकदा म्हणाला, आज समुद्र म्हणजे नवऱ्याशी भांडून गप्प बसलेली बाई आहे, मी आपला धक्क्यावरच थांबतो." ती हसली नाही, पण तिचा आवाज हसला. "त्यानं वाटी बदलली. पुन्हा तेच. पुन्हा बदलली. तीन वर्षांत सात वाट्या. प्रत्येक वाटीबरोबर तिच्या तपासणीचं कार्ड असतं, त्यावर तिचा स्वतःचा आकडा. कार्ड अदलाबदल झालं की वाटी पुढे धावल्यासारखी दिसते. मला वाटलं, याचं वय झालं, कार्डांचा घोळ करतोय."

"आणि तो काय म्हणायचा?"

"म्हणायचा, वाटी खोटं बोलत नाही, गेर्डा. एकदा म्हणाला, पंचेचाळीसवर उभा होतो तर वाऱ्यानं टोपी उडवून नेली, आणि बासष्टवर चढलो तर तिथे निवांत. मी हसले. म्हटलं, टोपी काही मोजमापाच्या यादीत नाही."

बाहेर बाबागाडी जरा हलली. आम्ही दोघींनी एकदमच मान वळवली. आल्मा कूस बदलून पुन्हा झोपली.

"तिसऱ्या वर्षी मी फॉर्म भरला," गेर्डा म्हणाली. "कारणाच्या रकान्यात लिहिलं, बसवणाऱ्याची चूक. पुढच्या आठवड्यात त्याचं चढणं बंद झालं. मालाच्या कोठीत नटबोल्ट निवडायला बसवला त्याला. पंचेचाळीसची दांडी रिकामी करून टाकली, वादच नको म्हणून. आणि सव्वासातला कुणी दुसराच माणूस फोन करायला लागला. त्याला मी समुद्र कसा आहे विचारलं तर म्हणाला, ईमेल करतो."

"तू एवाल्डला फोन नाही केलास?"

"काय म्हणून करणार होते?"

शुक्रवारी त्या सगळ्या नोंदी पवनचक्क्या उभारणाऱ्यांच्या हवाली व्हायच्या होत्या. त्यानंतर त्यांवर शिक्का बसला की कुणालाही हात लावता येणार नव्हता. आज बुधवार. आणि ऑगस्टमध्ये गेर्डा निवृत्त होणार होती.

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "हे बघ, मी बदलते ना. सगळे नऊ काढून एक करते. कारणात 'फेरतपासणी' एवढंच टाकते. कुणी विचारणारसुद्धा नाही."

"कुणाच्या फेरतपासणीत? आणि काय सापडलं?"

"गेर्डा, जाऊ दे ना. कशाला आता स्वतःला..."

"मारेन," ती म्हणाली, अगदी मऊ आवाजात, "त्याच्या फॉर्मवर मी कारण लिहिलं होतं. नावासकट." मग उठून तिनं कोट घातला. "तुझी गाडी आहे ना? नवा फॉर्म मी भरीन, पण आधी त्याला सांगायला हवं. त्यानं ते कागदावरून वाचायला नको."

रस्ताभर ती मागे आल्माशेजारी बसली. गेर्डाला मूलबाळ नाही. बेकरीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटी राहते. आल्मानं तिचं बोट मुठीत धरलं होतं आणि गेर्डा तिच्याशी हळूहळू बोलत होती. मला वाटलं लाडानं काहीतरी चाललंय. मग कानावर आलं.

"असं बघ, एवाल्ड. नाही, असं नको. एवाल्ड, मी इकडून चालले होते... छे, हे तर धडधडीत खोटं. एवाल्ड, तुला आठवतं का..." ती थांबली. "त्याला काय न आठवायला झालंय, नाही का गं?"

आल्मानं गंभीरपणे जांभई दिली.

"बरोबर आहे तुझं," गेर्डा तिला म्हणाली. "लांबण नको."

एवाल्डचं घर बंदराच्या टोकाला, बांधाच्या पायथ्याशी आहे. बांधावर मेंढ्या चरत होत्या. वारा पूर्वेचा होता, कोरडा, शेतांचा वास घेऊन आलेला. अंगणात एक म्हातारा माणूस आमच्याकडे पाठ करून उलट्या सायकलीच्या चाकाला तेल देत होता. डोक्याला टोपी नव्हती. मी आल्माला कडेवर घेऊन फाटकाशीच थांबले. गेर्डा दोन पावलं आत गेली.

"एवाल्ड."

त्यानं वळून पाहिलं नाही. चाक फिरत होतं ते हातानं थांबवलं.

"सव्वासात," तो म्हणाला.

चौदा वर्षांत ती दोघं समोरासमोर दोनदाच भेटली होती, नाताळच्या जेवणाला, तीही टेबलाच्या दोन टोकांना. तरी त्यानं आवाज ओळखला. मग तो वळला. बराच वेळ बघत राहिला.

"म्हातारी झालीस की."

"तूसुद्धा काही वाढदिवस चुकवलेले दिसत नाहीत."

"आणि ही कोण? नात?"

"माझ्या शेजारच्या टेबलावर असते. मारेन. आणि ती आल्मा."

"पोरीला घेऊन वाऱ्यात उभी राहू नकोस," तो मला म्हणाला. "इकडे भिंतीच्या आडोशाला ये, बाकावर बस."

"तुम्ही तुमचं काम चालू द्या," मी म्हणाले.

"काम कसलं. सायकल गुणी आहे, मीच तिला छळतो."

गेर्डा बसली नाही. दोन्ही हातांत पर्स धरून उभी होती, शाळेत उभं केलेल्या मुलीसारखी.

"पंचेचाळीसवरचा वारा खरा होता," ती म्हणाली.

एवाल्ड फडक्यानं हात पुसत होता. एकेक बोट. "कुठल्या वर्षाचा?"

"तिन्ही."

"हं."

"आज कळलं. हिनं शोधलं. पूर्वेचा वारा, मे, गार पाणी... मधला थर सुटतो. वाट्या बरोबर होत्या. कार्डं बरोबर होती. तू..." तिनं चष्मा नीट केला. "तू बरोबर होतास."

"मला ठाऊक होतं."

"मग तू बोलला का नाहीस?"

"बोललो की! टोपीचं सांगितलं नाही का?" तो पहिल्यांदाच जरा चढ्या आवाजात म्हणाला. "नवी टोपी होती ती. बहिणीनं विणलेली. आणि तू फिदीफिदी हसलीस."

"हसले," गेर्डा म्हणाली.

"हसण्याचं काही नाही. तू हसलीस की बरं वाटायचं. फॉर्मचं..." त्यानं फडकं सायकलीच्या दांडीवर टाकलं. "त्या कोठीत खिडकी नव्हती, गेर्डा. पाच वर्षं. सकाळी आत जायचो, संध्याकाळी बाहेर यायचो. वारा कुठला होता ते घरी येऊन झाडांना विचारायचो."

आल्मा घराच्या मागच्या बाजूला काहीतरी बघत हात नाचवायला लागली, म्हणून मी वळले.

घराच्या मागे एक खांब होता. त्यावर एक लांब आडवी दांडी, आणि दांडीवर एका ओळीत तीन-तीन वाट्यांची सात चक्रं. काळी, जुनी, मिठानं पांढुरकी झालेली. सातही फिरत होती.

"भंगारात टाकायला सांगितल्या होत्या," एवाल्ड म्हणाला. "नाही टाकल्या. सगळ्या एकाच उंचीवर लावल्यात. एखादी खोटारडी असती तर दुसरीच्या पुढे-मागे झाली असती. बघ तू. तुझी नजर चांगली आहे."

गेर्डा खांबाखाली जाऊन उभी राहिली. मान वर करून, चष्मा दोन बोटांनी धरून ती बघत राहिली, दहा मिनिटांच्या ओळी बघते तशी, घाई न करता. वाऱ्याचा झोत आला की सातही एकदम जोरात व्हायच्या, ओसरला की सातही एकदम संथ. आयुष्यभर तिनं यांचे आकडे वाचले होते. यांना फिरताना ती आज पहिल्यांदा बघत होती.

"किती लहान असतात," ती म्हणाली.

"तुला काय वाटलं, परातीएवढ्या असतात?"

मग तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. मला माहीत नव्हतं तिनं तो छापून घेतला होता ते. "तुझ्या चढण्याच्या नोंदीवरून टोपीचा दिवस सापडला," ती म्हणाली. "अकरा मे. दोन वाजून चाळीस मिनिटं. वाचू?"

एवाल्डनं सायकलीला हात टेकला. "वाच."

तिनं घसा साफ केला. आणि तिचा आवाज बदलला. सपाट, स्पष्ट, ठाम झाला. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. सव्वासातचा असणार.

"पंधरावर, सात पूर्णांक एक. तीसवर, नऊ पूर्णांक चार. पंचेचाळीसवर, अकरा पूर्णांक नऊ. बासष्टवर..."

"दहा," एवाल्ड म्हणाला. "दहाच्या जरासं वर. साडेदहाच्या आत."

गेर्डानं कागदावरून डोळे उचलले. "दहा पूर्णांक चार."

"उघडं डोकं होतं ना," तो म्हणाला. "कळतं."

त्यानं आम्हाला कॉफीला आत बोलावलं नाही. माझ्या गावात हे असं कुणी करत नाही, दारात आलेल्याला कॉफी मिळतेच. पण तो फाटकापर्यंत आला. गेर्डा म्हणाली, "उद्या फॉर्म भरतेय. कारणाच्या रकान्यात काय लिहू?"

"जे झालं ते लिही. तुझं अक्षर चांगलं आहे म्हणायचे सगळे."

"तुझा फोन तोच आहे का?"

"काढून टाकला. कोठीत गेल्यावर सकाळी कुणाला लावायचाच नव्हता. उगीच भिंतीवर कशाला ठेवायचा?" त्यानं फाटकाची कडी लावली. मग कडीवरचा हात तसाच ठेवून म्हणाला, "आज समुद्र सपाट आहे. पण संध्याकाळी फिरेल. जपून चालव म्हणावं पोरीला."

परतताना गेर्डा पुढे बसली. आल्मा झोपली होती. सबंध रस्ता ती एकच वाक्य बोलली. "पाच वर्षं खिडकी नव्हती म्हणाला ना?"

दुसऱ्या दिवशी आल्मा पाचला उठली आणि झोपेचं नाव घेईना. शेवटी तिला बाबागाडीत घालून ढकलत ढकलत मी सातलाच ऑफिसात पोचले. बाबागाडी खिडकीबाहेर लावली तेव्हा कुठे बाईसाहेबांचे डोळे मिटले. आत गेर्डाच्या टेबलावरचा दिवा लागलेला होता. तिनं तिन्ही मे महिन्यांच्या नोंदी कागदावर छापून घेतल्या होत्या. चांगला बोटभर जाडीचा गठ्ठा होता. त्याच्यावर तो फॉर्म, सही केलेला. कारणाच्या रकान्यात तिच्या सरळ, गोल अक्षरात लिहिलं होतं: यंत्रं बरोबर होती. एवाल्ड क्लित यांनी ती बरोबर बसवली होती. चूक वाचणाऱ्याची. गेर्डा ब्रो.

ती पेन्सिलीनं एकेक नऊ खोडत होती आणि शेजारी एक लिहीत होती. खोडलं, लिहिलं, पट्टी एक ओळ खाली सरकवली.

"अगं, चारशे बारा तास म्हणजे अडीच हजार ओळी आहेत," मी कुजबुजले. "मशीन एका झटक्यात करेल."

"मशीनमध्येही कर. पण नऊ मी एकेक करून लिहिले होते," ती म्हणाली. मान वर केली नाही.

मी माझ्या जागेवर बसले. काम काढलं, पण माझं लक्ष तिच्याकडेच होतं. सव्वासात वाजले. टेबलाच्या कोपऱ्यात तो जुना फोन होता, कुणी वापरत नाही तो. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि पट्टी खाली सरकवली.

अकरा मेचं पान यायला आठ वाजून गेले. दोन चाळीसच्या ओळीशी ती थांबली. नऊ खोडला, एक लिहिला. पेन्सिल खाली ठेवली. मग अगदी हळू आवाजात, बाहेरचं बाळ जागं होऊ नये एवढ्या हळू, तिनं ते चार आकडे वाचले. खालून वर.

आणि थांबली. पलीकडून समुद्र सांगायला जेवढा वेळ लागायचा, तेवढी.